मिरज-सांगलीत मिळणारा खंभाती अकीक: दगड उत्तम, भोक आणि ओवणी मात्र तपासूनच घ्या

मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याभोवतीची दुकानं आणि सांगलीचा सराफ कट्टा, या दोन ठिकाणी अकीकाच्या, म्हणजे अगेट या दगडाच्या, तीन वस्तू हमखास दिसतात: तसबीह (मुसलमानांची जपाची माळ), जपमाळ आणि चांदीत बसवलेली अंगठी. उरुसाच्या दिवसांत माल वाढतो, पण गर्दीत निवडायला वेळ मिळत नाही आणि खराब माळाही तेव्हाच खपून जातात. यातला बराचसा माल खंभातचा म्हणून विकला जातो. त्या मालाचं हे परीक्षण आहे, कुठल्या एका दुकानाचं नाही.

गुण आधीच सांगून टाकतो. दगडाला पाचपैकी साडेचार. भोकाला तीन. ओवणीला दोन. अंगठीच्या चांदीकामाला तीन, तेही मागून उघडी असेल तर. गिऱ्हाईक रंग बघून पैसे मोजतं आणि वस्तू मोडते ती भोकापाशी, गाठीपाशी किंवा कोंदणापाशी. नुसत्या खड्यापायी वस्तू वाया गेली असं क्वचितच घडतं. म्हणून पैसे कुठे टाकायचे आणि कुठे हात आखडायचा, हे आधी ठरवून दुकानात जावं.

दगड कुठला, ते थोडक्यात. खंभात हे गुजरातमधल्या आणंद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. कच्चा अकीक पारंपरिकरीत्या येतो भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या खाणींतून. तिथल्या टेकडीवर बावा गोर यांचा दर्गा आहे आणि सिद्दी समाज त्याची सेवा करतो. अकीकाच्या धंद्याचं मूळ त्यांच्याशी जोडलं जातं. हा दगड मुळात आपल्याच सह्याद्रीचा भाऊबंद. दख्खनच्या लाव्हात वायूच्या बुडबुड्यांमुळे ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत सिलिका थराथराने साचून अकीक बनला. पुढे खडक झिजला, गोटे सुटे झाले आणि रतनपूरच्या गाळात जाऊन बसले. साताऱ्या-सांगलीकडच्या काळ्या पाषाणाच्या खाणीत मधूनच पांढरट, दुधी गोटी निघते ती याच कुळातली. लोथलच्या उत्खननात मणी घडवण्याचा कारखानाच सापडला आहे, आणि लोथल खंभातपासून लांब नाही. म्हणजे या भागातल्या कारागिरांच्या हाताला हा दगड हडप्पा काळापासून ठाऊक आहे.

लाल रंग हा भट्टीचा. कच्चे गोटे मळकट पिवळे-तपकिरी असतात. ते आधी उन्हात वाळवतात, मग मातीच्या भांड्यात भरून शेणी किंवा भुशाच्या मंद आचेवर भाजतात. दगडातल्या लोहाच्या संयुगातलं पाणी निघून जातं आणि पिवळा रंग लाल होतो. हा रंग दगडाच्या आतला असतो, त्यामुळे उडत नाही. भाजलेला अकीक म्हणजे नकली, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. लाल अकीक हजारो वर्षं असाच होत आला आहे. आच एकदम वाढवली की मात्र आत केसाएवढ्या चिरा पडतात. त्यांचं पुढे बघू.

भाजल्यावर फोडणी. जमिनीत तिरका रोवलेला टोकदार लोखंडी गज, त्याच्या टोकावर धरलेला दगड आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीचा ठोका. ढलपी निघते ती खालून, गजाच्या टोकापाशी. लोखंडी हातोडी थेट मारली तर दगड वेडावाकडा फुटतो. शिंग लवचिक, म्हणून ठोका आवरता येतो. मग घासणी, मग भोक, मग पॉलिश. पूर्वी दगडाच्या पुडीसोबत मणी कातडी पिशवीत भरून दोघं माणसं ती आळीपाळीने ओढत बसत; आता फिरत्या पिंपात काम होतं.

तसबीह

सगळ्यात जास्त खप हिचा आणि सगळ्यात जास्त तक्रारीही हिच्याच.

मण्यांचा हिशेब असा. सुभानल्लाह ३३, अलहम्दुलिल्लाह ३३, अल्लाहू अकबर ३४ वेळा. त्यासाठी ९९ मण्यांच्या तसबीहमध्ये दर ३३ नंतर एक वेगळा, चपटा किंवा लांबट मणी असतो आणि टोकाला इमाम नावाचा उभट मणी. ३३ ची छोटी तसबीह तीनदा फिरवायची. तिच्यात वेगळे मणी दर ११ नंतर येतात. दुकानातच मोजून घ्या. ३२ किंवा ३४ भरणारी माळ दुर्मीळ नाही, आणि ती घरी आल्यावर बोटाला कळते तेव्हा उशीर झालेला असतो. मोजताना वेगळे मणी धरू नका.

माप ८ मिलिमीटरचं घ्या. ६ मिमीचा मणी मोठ्या माणसाच्या अंगठ्याखाली घसरतो, १० मिमीची ९९ ची माळ हाताला जड होते. ८ मिमीचा अस्सल अकीकाचा मणी साधारण ०.७ ग्रॅम भरतो. ३३ मणी म्हणजे २३ ग्रॅम, ९९ म्हणजे ६९ ग्रॅम. सराफाच्या दुकानात काटा असतोच, माळ ठेवून बघायला सांगा. गोंडा आणि इमामाचे दोन-चार ग्रॅम वजा करा. ३३ ची माळ १०-११ ग्रॅमच भरली तर ती प्लास्टिकची, मग रंग कितीही सुरेख असो.

काच मात्र काट्यावर सापडत नाही, कारण काचेची आणि अकीकाची घनता जवळजवळ सारखी. तिथे १० पट मोठं दाखवणारं भिंग लागतं. काचेत गोल बुडबुडे दिसतात, अकीकात कधीच नाही. काचेच्या मण्याच्या भोकाची कड वितळल्यासारखी गुळगुळीत आणि आत वळलेली असते. दगडाच्या भोकाची कड धारदार, कुठेतरी बारीक टवका उडालेली. सगळे मणी तंतोतंत एका रंगाचे, एका छटेचे असले तर शंका घ्या. अस्सल माळेत एखादा मणी नारिंगीकडे झुकतो, एखाद्यात दुधी पट्टा येतो. मोडका एखादा मणी दुकानदाराकडे असेल तर त्याची धार बाटलीच्या काचेवर ओढून बघता येते. अकीकाची कठिणता साडेसहा ते सात, काचेची साडेपाचच्या आसपास; ओरखडा काचेवर उमटला पाहिजे. विकाऊ माळेवर हा प्रयोग करू नका.

आता भोक. इथेच खंभातचा चांगला आणि साधा माल वेगळा होतो. भोक दोन्ही बाजूंनी पाडतात. अर्धं इकडून, अर्धं तिकडून, म्हणजे बाहेर पडताना टवका उडत नाही. पारंपरिक पद्धत धनुकलीची: कमानीच्या दोरीने फिरणारी काठी, तिच्या टोकाला बसवलेले हिऱ्याचे कण आणि वरून पाण्याचा थेंब. कसलेल्या हाताची दोन भोकं मधोमध नेमकी भेटतात. घाईच्या मालात ती चुकतात आणि मण्याच्या पोटात एक पायरी राहते. ती बाहेरून दिसत नाही. दोरा मात्र रोज तिच्यावर घासतो, आणि पाच-सहा महिन्यांत माळ तुटते ती मण्याच्या आतच. लोक म्हणतात दोरा कच्चा होता. दोरा दरवेळी कच्चा नसतो.

तपासायचं असं: दुकानदाराकडे एक सुटा मणी मागा, तो दिव्यासमोर धरा आणि भोकातून एक डोळा मिटून बघा. पलीकडे उजेडाचा पूर्ण गोल दिसला तर काम चोख. बदामाच्या आकाराचा किंवा चंद्रकोरीसारखा उजेड दिसला तर भोकं चुकली आहेत. सुटा मणी मिळत नसेल तर ओवलेली माळ ताणून धरा आणि अंगठ्याने एकेक मणी फिरवा. जो मणी गोल न फिरता हेलकावे खातो, त्याचं भोक वाकडं. मिरजेत आणखी एक सोय आहे. तंतुवाद्यांच्या कारागिराकडे तारेचे तुकडे मिळतात. त्यातली ०.७ मिमीची तार व्हर्नियरने मापून घ्या आणि मण्यात घालून बघा. ती अडखळत गेली तर ८ मिमीच्या मण्याला हवं तेवढं, निदान १ मिमीचं, मोकळं भोक नाही असं समजा.

चिरांसाठी पाणी लागतं. मणी पाण्यात बुडवून काढा आणि फडक्याने पुसून वाऱ्यावर धरा. पृष्ठभाग लगेच सुकतो. चीर असेल तर ती गडद रेघेसारखी काही क्षण ओली राहते. भोकापासून निघून वर चढणारी चीर असेल तर तो मणी बदलूनच घ्या, कारण दोऱ्याच्या ताणाने तो तिथेच दुभंगतो. मण्याच्या पोटावरची लहान आडवी चीर चालून जाते.

ओवणीला दोनच गुण का, ते सांगतो. तयार माळा बहुतेक वेळा स्वस्त, एकेरी दोऱ्यात, कमीत कमी लांबीत ओवलेल्या असतात. तसबीहला सैलपणा लागतो. ३३ मणी गुणिले ८ मिमी म्हणजे २६ सेंटिमीटर झाले. वेगळे दोन मणी धरून त्यावर निदान ४ सेंटिमीटर दोरा मोकळा हवा, म्हणजे मणी पुढे सरकवायला जागा मिळते. ९९ च्या माळेला ८ ते १० सेंटिमीटर. घट्ट ओवलेली तसबीह दुकानात नीटनेटकी दिसते, पण मणी सरकत नाही म्हणून माणूस दोरा ओढतो आणि सगळा ताण इमामाच्या भोकाच्या कडेवर येतो. तुटण्याची पहिली जागा तीच.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: चांगले मणी घ्या आणि माळ नव्याने गाठवून घ्या. मंगळसूत्र गाठवून देणारा पटवेकरी हे काम करतो, फक्त त्याला काय हवं ते नीट सांगावं लागतं. मंगळसूत्राची सवय असलेला हात मणी घट्ट बसवतो. तसबीहला ते नको, हे आधी बोला. दोरा विणलेल्या नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा, ०.६ ते ०.८ मिमी जाडीचा. भोक मोठं असेल तर बारीक दोरा दुहेरी घ्या. इलॅस्टिक नको, ते सहा-आठ महिन्यांत लोळागोळा होतं. रेशीम सुंदर दिसतं, पण वुजूच्या, म्हणजे नमाजाआधी धुतलेल्या, ओल्या हाताने रोज धरली जाणारी माळ रेशमात टिकत नाही. ३३ च्या दुहेरी माळेला ९० सेंटिमीटर दोरा पुरतो, ९९ च्या माळेला २ मीटर २० सेंटिमीटर कापा, गोंड्यापर्यंत पोचेल.

ओवण्याआधी भोकाच्या कडा मोडून घ्या. हिऱ्याची पूड बसवलेली टोकदार बारीक कानस मिळते, ती भोकाच्या तोंडाशी धरून हलक्या हाताने पाच-सहा वेळा फिरवायची, दोन्ही बाजूंनी. धार जाते. हे काम वाटीभर पाण्यात मणी बुडवूनच करायचं, कोरडं कधीच नाही. पाण्याने मणी तापत नाही, म्हणून फुटत नाही. आणि त्याहून मोठं कारण म्हणजे धूळ हवेत उडत नाही. त्या धुळीबद्दल खाली लिहिलं आहे.

शेवटची गाठ इमामाच्या खाली, दुहेरी, आणि इमामाच्या भोकात ओढून घेतलेली. नायलॉनचं टोक लायटरने चटका देऊन बंद करतात. वितळलेला तो बोंडासारखा भाग टणक होतो आणि शेजारचाच दोरा कापतो. चटका द्यायचाच तर टोक मण्याबाहेर, गोंड्याच्या आत राहील असं बघा.

जपमाळ

इथे मामला सोपा आहे. १०८ मणी आणि एक मेरुमणी, ८ मिमीत ७५ ग्रॅमच्या आसपास. प्रत्येक मण्यानंतर गाठ मारलेली घ्या. गाठीमुळे मणी एकमेकांवर आपटत नाहीत, भोकाच्या कडेचे टवके उडत नाहीत आणि माळ तुटली तरी एकच मणी पडतो. गाठवून घ्यायची तर एकेरी दोरा ३ मीटर द्या. गाठ भोकाहून मोठी झाली पाहिजे, नाहीतर ती मण्यात शिरून बसते. एवढं पाहिलं की जपमाळेत फारसं बिघडत नाही. पाचपैकी चार.

अंगठी

पुरुषांनी सोनं घालू नये, असा इस्लाममध्ये दंडक असल्याने अकीकाची अंगठी चांदीतच बनते. पैगंबरांची अंगठी चांदीची होती आणि तिचा खडा हबशी, म्हणजे अबिसीनियाचा, होता, असा उल्लेख सहीह मुस्लिम या हदीस-संग्रहात आहे. शिया परंपरेत अकीकाला तर विशेषच मान आहे. त्यामुळे गिऱ्हाईक श्रद्धेने येतं, आणि श्रद्धेने आलेल्या माणसाला चांदीची अंगठी चांदीचीच मिळाली पाहिजे.

आत नुसतं ९२५ कोरलेलं असणं म्हणजे हॉलमार्क नव्हे. तो आकडा कुणीही ठोकू शकतो. बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह बघा. ते नसेल तर सराफाकडे मशीनवर टंच, म्हणजे धातूची शुद्धता, काढून घ्या, काही मिनिटांचं काम आहे. ज्या जिल्ह्यात विटा-खानापूर-आटपाडीच्या गलाईवाल्यांनी, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांनी, देशभर सोन्या-चांदीचा टंच काढायचं काम नावारूपाला आणलं, तिथल्या गिऱ्हाइकाने टंच विचारायला संकोच करायचं काही कारण नाही. दर्ग्याबाहेरच्या पथारीवरच्या बऱ्याच अंगठ्या जर्मन सिल्व्हरच्या असतात. तिच्यात चांदी अजिबात नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं, आणि निकेलने काहींच्या बोटाला खाज सुटते. विक्रेत्याने तसं सांगून विकली तर तक्रार नाही.

मापं: पट्टी खालच्या बाजूला निदान दीड मिलिमीटर जाड हवी, नाहीतर सहा महिन्यांत अंडाकृती होते. पट्टी वाकली की कोंदण ताणलं जातं आणि खडा हलतो. नेहमीचा खडा १४ बाय १० मिमीचा, वर फुगीर. कोंदणाची भिंत खड्याच्या कडेवर सगळीकडून सारखी दाबलेली हवी. नख फिरवा, कुठेही नख अडकलं, तर त्या फटीत आधी साबण साचतो आणि मग खडा सुटतो. अंगठी कानाजवळ धरून हलवा, टिक-टिक आवाज येता कामा नये.

मागची बाजू उघडी असलेली अंगठीच घ्या. बंद पाठीच्या अंगठीत आत लाख भरलेली असते आणि वर अकीकाची पातळ चकती बसवली तरी कळत नाही. उघड्या पाठीतून खड्याची जाडी दिसते, उजेडासमोर धरता येते आणि पाणी साचत नाही.

भाव रत्तीवर सांगितला तर थांबा. रत्ती दोन चालतात: एक साधारण १२१ मिलिग्रॅमची, दुसरी, जिला पक्की म्हणतात, १८२ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे एकच खडा एका दुकानात सहा रत्ती आणि दुसऱ्यात नऊ. अकीक हा माणिक-पाचूसारखा वजनावर घ्यायचा दगडच नाही. तो नगावर घ्यावा. अंगठीचा हिशेब चार ओळींत लिहून मागा: चांदीचं वजन, त्या दिवसाचा दर, मजुरी, खडा. खड्याची रक्कम चांदी-मजुरीच्या बेरजेपेक्षा मोठी झाली, तर तिचं कारण दुकानदाराने दाखवून द्यायला हवं. ‘यमनी आहे’ एवढं कारण पुरेसं नाही. यमनचा अकीक प्रसिद्ध आहे हे खरं, पण त्या नावाखाली खंभातचा आणि ब्राझीलचा दगड सर्रास विकला जातो, आणि नुसत्या डोळ्यांनी तो ओळखता येईल असा दावा कुणी करू नये. खंभातचा अकीक खंभातचा म्हणून विकायला लाज वाटण्यासारखं काही नाही. ‘अगेट्स ऑफ कॅम्बे’ या नावाने त्याची भौगोलिक मानांकनात नोंद आहे.

कोरलेल्या अंगठ्यांबद्दल जरा कडक बोलायला हवं. खंभात हे एके काळी दगडावर अरबी अक्षर कोरण्याचं मोठं केंद्र होतं. मुहम्मद औफी हा विद्वान तेराव्या शतकात तिथे काझी होता. मोडलेली मशीद गुजरातचा राजा सिद्धराज जयसिंह याने पुन्हा बांधून दिल्याची हकिगत त्यानेच लिहून ठेवली आहे. १३२५ सालची तिथली जामा मशीद अजून उभी आहे. तिच्याजवळ १३३३ साली वारलेल्या उमर अल-काजरुनी या व्यापाऱ्याची कबर आहे, तिच्या संगमरवरावरचं अक्षर बघावं. त्याच हातची कोरीव थडगी जहाजातून सुमात्रा-जावापर्यंत गेली. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४२ च्या सुमारास खंभातला आला तेव्हा परदेशी व्यापाऱ्यांची घरं आणि मशिदी बघून प्रभावित झाला होता. पुढे आखात गाळाने भरलं आणि बंदर संपलं. एवढी परंपरा असलेल्या गावच्या दगडावर आज मशीनने कोरलेल्या अंगठ्या येतात आणि त्यात नुक्ता, म्हणजे अक्षराचा टिंब, गळालेला असतो, कधी अक्षर उलटं. अरबीत एक नुक्ता गेला की शब्द बदलतो. म्हणून कोरलेली अंगठी घेण्याआधी तिचा मोबाइलवर मोठा फोटो काढा आणि अरबी वाचता येणाऱ्या माणसाला दाखवा. मदरशात शिकणारं पोरही क्षणात सांगेल. मोहोरेची अंगठी असेल तर अक्षरं मुद्दाम उलटी असतात, तो वेगळा प्रकार. कोरीव भागात भरलेला सोनेरी रंग वर्षभरात जातो. न भरलेली, पण खोल कोरलेली घ्या.

दुरुस्तीचा एक नियम काटेकोर पाळावा. अंगठी लहान-मोठी करायची किंवा झाळायची असेल तर खडा आधी काढायचा. सोनार म्हणेल ओल्या कापडात गुंडाळून भागेल. भागत नाही. ज्योतीजवळ अकीक एकदम तापतो आणि पाण्यात टाकला की तडकतो. तडा लगेच दिसला नाही तरी महिन्याने दिसतो.

रंगवलेले खडे

काळा अकीक जवळजवळ सगळा रंगवलेलाच असतो. दगड साखरेच्या पाकात मुरवून मग तीव्र आम्लात ठेवतात. आतली साखर जळून कोळसा होते आणि रंग कायमचा बसतो. हा रंग टिकतो, घ्यायला हरकत नाही. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सुलेमानी म्हणून जो मिळतो, त्यातला बराचसा असाच तयार होतो: सच्छिद्र थर काळा होतो, घट्ट थर पांढरा राहतो. हिरवा रंग क्षारांनी देतात, तोही बऱ्यापैकी टिकतो. गुलाबी, जांभळा आणि भडक निळा मात्र घेऊ नका. उन्हात ठेवलेल्या अशा माळा एका उन्हाळ्यात फिक्या पडतात. ओळखायचं तर भोकाच्या आत आणि चिरांत बघा, रंग तिथे गडद साठलेला असतो. पांढऱ्या कापसाला नेलपॉलिश काढायचं द्रावण लावून मणी चोळा. कापूस रंगला तर माळ परत करा.

सांगलीकडच्या वापरात काय बिघडतं

द्राक्षबागेत गंधकाची फवारणी किंवा बेदाण्याला गंधकाची धुरी देताना चांदीची अंगठी घालू नका. गंधकाने चांदी काही तासांत काळी पडते. तासगाव भागातल्या लोकांना हे सांगायला नको, पण दुकानदाराला सांगायला हवं, कारण तिथे गिऱ्हाईक ‘चांदी खोटी होती’ म्हणून भांडायला येतं. उलट चांदी खरी असते म्हणूनच काळी पडते. खायचा सोडा आणि मऊ फडकं पुरतं. चांदी उजळायचं तयार द्रावण रंगवलेल्या खड्याला लागू देऊ नका. हळदीच्या हाताने माळ धरली तर दगडाला काही होत नाही, दोरा पिवळा होतो आणि तो रंग निघत नाही. हळदीच्या पेठेत काम करणाऱ्याने गडद दोरा घ्यावा. अत्तर लावल्यावर हात सुकू द्या, मग तसबीह धरा. धुवायची तर कोमट पाणी आणि साधा साबण, पाच मिनिटं, आणि सपाट फडक्यावर रात्रभर सुकू द्या. खुंटीला टांगून सुकवली तर ओला दोरा ताणला जातो.

धूळ

अकीक म्हणजे सिलिका. कोरड्या चाकावर तो घासला की पिठाहून बारीक धूळ उडते, फुफ्फुसात खोल जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर इलाज नाही, आणि त्या फुफ्फुसाला क्षयही लवकर गाठतो. खंभात आणि शेजारच्या शकरपूरमध्ये घासणीचं काम घराघरात चालतं, त्यामुळे चाकावर न बसणारी बायका-मुलंही ती धूळ खातात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कामगारांची तपासणी केली आहे, धूळ ओढून घेणारी यंत्रणाही सुचवली आहे. उपाय अवघड नाहीत: ओली घासणी, झाकलेलं चाक, धूळ खेचणारा पंखा, काम राहत्या घराबाहेर. खर्च वाढतो, आणि स्वस्त माळेत तो खर्च नसतो. ही माळ जपासाठी आहे. ती घडवणाऱ्याचा श्वास त्या किमतीत गेला असेल, तर घेणाऱ्याने विचारायला हवं. सांगली-मिरजेच्या दुकानदारांना आमची विनंती आहे की घाऊक माल मागवताना घासणी ओली होते का, हा प्रश्न विचारावा. चार दुकानदारांनी विचारला तर व्यापाऱ्याला उत्तर शोधावं लागेल.

थेट खंभातहून घ्यायचं असेल तर

घाऊक घेणाऱ्यालाच परवडतं. पुणे-वडोदरामार्गे आणंद, तिथून खंभात साधारण ५० किलोमीटर. एक-दोन माळांसाठी मिरजच बरी, निवडायला वेळ घ्या आणि उरुसाची गर्दी टाळा. फोनवर मागवायचं तर हे शब्द वापरा: भाजलेला नैसर्गिक लाल अकीक, रंगवलेला नको, ८ मिमी, फरक ०.३ मिमीपेक्षा जास्त नको. भोक १ मिमी, दोन्ही बाजूंनी. मणी सुटे पाठवा, ओवलेले नको. ९९ च्या माळेला ११० मणी मागा. पाच-सहा मणी भोकाच्या तपासणीत बाद होतात, उरलेले डबीत ठेवा. पुढच्या वेळी एखादा मणी फुटला तर त्याच भट्टीच्या रंगाचा मणी बाजारात मिळत नाही.